अंगणासाठी नेलेले दगड

मोहर्लीजवळचं ते अंगण आठवलं की आजही अंगावर काटा येतो. खात्यात हयात गेली, नको ते सगळं पाहून झालं. पण झाडूनपुसून लख्ख केलेल्या त्या अंगणाने मला जसा हादरा दिला, तसा दुसऱ्या कशानेच दिला नाही.

मी तेव्हा गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक माडिया म्हातारा गावातली दोन माणसं घेऊन आला. "माह्या पोराले उचलून नेलं," एवढंच बोलला. आमच्या नक्षली भागात हे वाक्य ऐकलं की ठाण्यातल्या माणसाच्या हातातला चहा तसाच राहतो. हवालदाराने अपहरणाची फिर्याद लिहायला घेतली. नाव, वय, उंची. उंची विचारल्यावर म्हाताऱ्याने हात स्वतःच्या डोक्याच्याही वर धरला. आमचा एक शिपाई त्याच समाजातला होता. त्याने त्यांच्या बोलीत दोन प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळला. "साहेब, पोरगा मागंच साप चावून मेला. त्याचा दगड चोरीले गेला म्हणून राह्यला."

या लोकांत गेलेल्या माणसाच्या नावाने उभा दगड रोवतात. गाव मिळून तो रानातून आणतं. मग त्यांच्या लेखी तो दगड नसतो, तो माणूसच असतो. नवं धान आधी त्याला देतात, मोहाची दारू देतात, घरातलं बरंवाईट त्याला सांगतात. गाव आठवडी बाजाराला गेलेलं असताना तसे सात-आठ दगड कोणीतरी नेले होते.

खरं सांगतो, मला वाटलं गुप्तधनवाले असणार. आमच्याकडे ही कीड जुनी आहे. भोंदूबाबाच्या नादी लागून माणसं कुठेही खणतात. चार नामचीन मंडळी उचलून आणली, दिवसभर बसवून विचारपूस केली. हाती शून्य. मग मी स्वतः जागेवर पंचनामा करायला गेलो, आणि तिथेच माझं गणित बिघडलं. गुप्तधनवाला खड्डा करतो आणि दगड टाकून पळतो. इथे दगड गायब होते आणि खड्डे मातीने नीट बुजवलेले होते. शेजारी झाडाच्या बुंध्याशी नैवेद्याचे पानांचे द्रोण एकात एक घालून ठेवले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक खापरीही होती. गावातल्या कोणीच ते तसे ठेवले नव्हते. हा कसला चोर, असं मी शिपायाला म्हणालोसुद्धा.

खबर मिळाली ती वन विभागाच्या नाक्यावरून. तिथला वनरक्षक म्हणाला, "साहेब, त्या बाजारच्या दिवशी एक ट्रक गेला. विचारलं तर म्हणे दगडं आहेत. म्या म्हटलं, दगडाले ताडपत्री काऊन बांधली बा? तर हासला न् गेला." ट्रक एका कंत्राटदाराचा निघाला. आमच्याकडे रस्त्याच्या मोऱ्यांचं काम करायचा आणि चंद्रपूर जिल्ह्यात मोहर्लीच्या आसपास पर्यटकांसाठी घरं, अंगणं, बसायच्या जागा बांधून द्यायचा.

त्याला चौकशीला बोलावलं. अंगाने भरलेला, बोलण्यात गोड. "साहेब, रानातले दगड होय ते. कोणाच्या नावाचा सातबारा हाये का त्याचा? मोहर्लीच्या घराच्या मालकीणबाईले अंगणात जुना, काळा पडलेला दगड पाहिजे होता. खदानीतला नवा नाई चालत म्हणे. माहा ट्रक इकडून रिकामाच जाते."

"कोणाचे आहेत हे माहीत नव्हतं?"

"कसं माहीत राहीन साहेब? जंगलात हजार दगडं रायते."

आवाज चढवून मी फारसं काही मिळवलं नाही कधी. मी त्याच्यासाठी चहा मागवला, त्याच्या घरच्यांची चौकशी केली, मग सहज विचारलं, "ते द्रोण बुंध्याशी कोणी ठेवले?"

"मीच ठेवले साहेब. पूजेचं होतं ना. कोणाचा पाय लागू नये म्हणून."

बोलला आणि स्वतःच थांबला. पूजेच्या पानाला पाय लागू नये एवढं या माणसाला कळत होतं, आणि ज्यांची ती पूजा होती त्यांना त्याने लोकांच्या पायाखाली अंथरलं होतं. मग त्याने सगळं कबूल केलं.

ओळख पटवायला म्हाताऱ्याला घेऊन मोहर्लीला गेलो. नागपूरच्या एका बाईंचं पाहुण्यांसाठी बांधलेलं घर. समोर दगडी फरशीचं अंगण, मधे शेकोटीची जागा, वर लाकडी मांडव. पाहुणे पोहे खात बसले होते. तीन दगड बसण्यासाठी आडवे टाकले होते, बाकीचे तसेच जमिनीत बसवले होते. म्हातारा एकेकाला हात लावून नाव सांगत गेला. बाप. आजा. चुलती. दगडांवर बसलेले पाहुणे एकेक करून उठले. पोरगा काही सापडेना.

तो पायऱ्यांत सापडला. कंत्राटदाराने कटरने त्याचे तीन तुकडे करून अंगणात चढायच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. बाई म्हाताऱ्यासाठी पाणी घेऊन मधल्या पायरीवर उभ्या होत्या. शिपायाने सांगताच त्या किंचाळून बाजूला झाल्या. "मी फक्त फोटो दाखवला होता हो, असं अंगण पाहिजे म्हणून! दगड कुठून आणणार, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही." बाई खोटं बोलत नव्हत्या. म्हातारा रडला नाही, ओरडला नाही. तुकड्यावरून हात फिरवत म्हणाला, "आता याले उभा कसा करू?"

कायद्यात गुन्हा दगडचोरीचा. मुद्देमाल ठाण्याच्या आवारात आला, तर गाव तिथेच धान घेऊन येऊ लागलं. मी कोणाला अडवलं नाही. न्यायालयाच्या हुकुमाने सुपूर्तनामा करून दगड परत दिले. या प्रकरणातून एक धडा घेतला. माणसं कंत्राटदाराला काम किती दिवसांत होईल विचारतात, पाणी तुंबणार नाही ना विचारतात. माल कुठला, हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर नको असतं. मी आता कोणी घर बांधायला काढलं की आगाऊपणे तेच विचारतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

दगड पुन्हा रोवले त्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या गावात हजर होतो. मोठे दगड आपापल्या जागी उभे राहिले. मुलाचा तुटका दगड सांधता येईना. शेवटी म्हाताऱ्याने त्यातला एक तुकडा उचलून रोवला, बाकीचे दोन पायाशी पुरले. माती दाबून झाल्यावर तो मागे सरकून पाहत राहिला. दगड त्याच्या गुडघ्याएवढा भरला. मग तो काहीतरी बोलला आणि पहिल्यांदाच हसला. शिपाई मला सांगेना. दोनदा विचारल्यावर म्हणाला, "साहेब, बुढा म्हणते, चालाले लागला तवा पोरगा एवढाच होता."