मागून आलेली थाप

दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो तेव्हा मला एकटं कधी वाटलं नाही. शेजारी क्लीनर असायचा, फोनवर शिव्या घालायला मालक असायचा. स्वतःचा ट्रक घेतला आणि दोघेही गेले. मालक मीच झालो आणि क्लीनर परवडेना. बायकोने चाकाखाली लिंबं ठेवली, गावात पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या सीटवर माझा जेवणाचा डबा बसून प्रवास करू लागला. ट्रक तसा जुनाच, आधीच्याने वापरून थकवलेला. मी मात्र नव्या नवऱ्यासारखा त्याच्याकडे वळून वळून बघायचो.

एकटेपणा सगळ्यात जास्त कळायचा तो गाडी मागे घेताना. क्लीनर मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणतो आणि वेळ आली की ट्रकच्या मागच्या फळक्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्या आवाजाची इतकी सवय, की एकटा असतानाही मी खिडकीतून डोकं काढून उगाच वाट बघायचो. समोर चिकटवलेल्या देवाच्या फोटोला म्हणायचो, "तुला पुढची जागा दिली, भाडं मागत नाही, निदान मागे तरी बघ." पुढे पुढे वाटायला लागलं, कोणी ऐकत नाही, मी नुसता काचेशी बोलतोय.

दिवाळी सरली की आमच्याकडे गवताचा हंगाम. खर्डीजवळच्या वखारीतून गवत भरायचं आणि भिवंडीकडच्या तबेल्यांना पोचवायचं. त्या सकाळी निघताना बायको म्हणाली, "वेशीवरच्या म्हसोबाला उतरून हात जोडा." मी न उतरता हॉर्न वाजवला. आता मालक माणूस, उठसूट कुठे उतरणार.

हायवे अडलाय असं कळलं म्हणून तानसाच्या बाजूने आतल्या रस्त्याला घुसलो. धुकं दाट, त्यात पुढे पाइपासाठी रस्ता खणून ठेवलेला. वळायला जागा नाही. मागच्या फाट्यापर्यंत उलटं जाण्यावाचून इलाज नव्हता. गवत दोन्ही अंगांनी फुगलेलं, आरशात बघावं तर गवत आणि धुकं. उतरायचं, मागे बघून यायचं, परत चढून जरासं मागे घ्यायचं, असं चाललं होतं. एका बाजूला खोल उतार. ट्रक गेला तर मी वाचलो तरी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर. दमून गेलो, उतरायचाही कंटाळा आला. मोठ्याने म्हणालो, "आहे का कोणी मागे?" आणि तसाच गाडी मागे घेऊ लागलो.

फळक्यावर थाप पडली. एकच.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. सवयीने विचारलं, "काय रे?" उतरून मागे गेलो तर एक म्हैस गवतात तोंड खुपसून उभी. हिसका देऊन ओढताना तिचं शिंग फळक्यावर आपटलं होतं. आणि दुसऱ्या अंगाला रस्त्याखालच्या मोरीचा कडेचा भाग पावसात वाहून गेलेला. माझं मागचं चाक त्या खड्ड्यापासून वीतभर. तिथेच खाली बसलो. म्हैस चावत राहिली.

धुक्यातून काठी टेकत एक म्हातारी आली. म्हैस तिची, पाड्यावरची. "गवताचा वास आला का सुटते ही. तुझ्यासंगं कोण नाय रे?"

"नाय, आजी."

"येवढ्या मोठ्या गाडीला एकटाच? मग चढ वर. मी सांगते."

"जमेल तुमाला?"

"जलमभर बैलगाड्या मागं घेतल्या. तू चढ."

मग धुक्यात तिचा आवाज येत राहिला. "येऊ दे... जरा इकडं... येऊ दे... तू नाय गो, तू थांब तिथंच." तेवढं म्हशीला. फाट्यापर्यंत म्हातारी मागे मागे चालत गेली. किती दिवसांनी कोणी मला "येऊ दे" म्हणत होतं. डोळे पुसत गाडी चालवू नये, पण मी चालवली.

गवताचा भारा उतरवून दिला, तर म्हणाली, "मला काय देतोस? तिला दे."

घरी सांगितलं तेव्हा बायको न हसता म्हणाली, "माणसाचं तुम्ही कुठे ऐकता? म्हणून म्हसोबाने म्हैस पाठवली असेल."

म्हैस भुकेली होती, एवढंच मला ठाऊक आहे. त्यापुढचं मी कोणाला पटवायला जात नाही. डबा अजूनही शेजारच्या सीटवर बसतो, क्लीनर अजून परवडत नाही. पण वेशीवर गाडी थांबवून उतरतो, म्हसोबापुढे मूठभर गवत ठेवतो आणि काही मागत नाही. गाडी मागे घ्यायची वेळ आली की आधी उतरून बघून येतो. मग वर चढतो, गाणी बंद करतो, काच खाली घेतो आणि कान देऊन हळूहळू मागे येतो. मागे कोण आहे, हे आता विचारत नाही.