तीन तऱ्हेचं ‘व्हय’

सरांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला दोऱ्यानं बांधलेलं खोडरबर लोंबत असायचं. सीबीएस स्टँडवर आजऱ्याच्या एसटीची वाट बघताना लोक त्याच्याकडं वळून बघायचे आणि मला लाज वाटायची. कायद्याचा निवृत्त प्राध्यापक, आणि छातीवर पहिलीतल्या पोरासारखं खोडरबर. एकदा मी म्हटलंच, “सर, पेन वापरा की.”

“पेनानं लिहिलं की लोकांना वाटतं निकाल लागला,” ते म्हणाले. “आपण विचारायला चाललोय.”

गावोगावच्या जुन्या रीतींची नोंद करायचा प्रकल्प त्यांच्याकडं होता. वाटण्या कशा पडतात, पाण्याची पाळी कुणाची आधी, माहेरी परत आलेल्या बाईला काय मिळतं, असं सगळं. कायद्याच्या पुस्तकात नाही, पण गाव त्यावर चालतं. मी त्यांची मदतनीस. खरी मी पत्रकं लिहिणारी. बायकांच्या जमिनीच्या हक्कासाठी आमचा एक गट आहे, त्यात मी कॉलेजपासून. तीन ओळींत अन्याय मांडायचा, चौथ्या ओळीत मागणी करायची, एवढंच मला येतं. प्रकल्पात शिरले तेही रूढीचं पितळ उघडं पाडायला. सरांना ते माहीत होतं. ते मला ‘घोषणा’ म्हणायचे. “घोषणा, वही घे. घोषणा, जरा हळू.”

गावात गेल्यावर ते कुणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. थर्मास घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसायचे. बायाबापड्यांना वाईट वाटायचं, पुरुष चिडायचे. एकजण तर तोंडावर म्हणाला, “पावणं, आमच्या चहात काय इख हाय व्हय?” सर हसले. मला नंतर म्हणाले, “ज्याच्या घरचा चहा पितो त्याची रीत आपल्याला जरा जास्तच जुनी वाटायला लागते.” मी दोनदा चोरून प्यायले. दोन्ही वेळा चहा चांगला होता आणि दोन्ही वेळा मला त्या घरचं म्हणणं पटलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ते ‘तुमच्याकडं रूढी काय आहे’ असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, “शेवटचं भांडण कधी झालं होतं?” मग कट्टा जागा व्हायचा.

आणि ‘व्हय’. आमच्याकडं माणूस दिवसातनं शंभरदा व्हय म्हणतो. सरांच्या मते ते तीन तऱ्हेचं. एक खरंखुरं हो. दुसरं म्हणजे ‘अस्सं व्हय? बरं बरं’, म्हणजे मुळीच पटलेलं नाही. तिसरं, समोरच्यानं गप्प बसावं म्हणून. पहिल्याला वहीत आडवी रेघ, दुसऱ्याला वळण, तिसऱ्याला टिंब. “आणि कळलं नाही तर जागा मोकळी सोड,” ते बजावायचे. “उगाच भरू नकोस.” मला हे सगळं पेन्शनीतलं खूळ वाटायचं. तिकडं बायकांच्या सह्या घेऊन जमिनी काढून घेतायत आणि आम्ही इथं होकाराला वळणं काढत बसलोय.

शेवंताक्का आम्हाला आजऱ्याच्या अलीकडच्या एका गावात भेटली. तरुणपणीच विधवा होऊन, कडेवर मुलगी घेऊन माहेरी आलेली. भावांनी हक्कसोडीवर तिची सही घेतली होती आणि बदल्यात काजूच्या बागेचा एक तुकडा तोंडी दिला होता, चोळीबांगडीला. माहेरच्या बाईला जगायला द्यायच्या जमिनीला तिथं तसंच म्हणतात. मी भडकले. म्हटलं, “आक्का, कायद्यानं तुमचा सारखा वाटा होता. ही चोळीबांगडी म्हणजे भीक आहे.”

“भीक म्हण न्हायतर काय म्हण,” आक्का म्हणाली, “काजू माझं हाय की.”

त्याच गावात तात्या म्हणून एक म्हातारे पंच होते. सरांनी त्यांना जुनं भांडण विचारलं. तात्यांनी सांगितलं की अशाच एका बाईच्या मुलीचं लग्न झालं आणि भावांनी तुकडा परत घेतला. सरांनी विचारलं, “म्हणजे मुलगी सासरी गेली की तुकडा भावाकडं, अशी रीत?” तात्या म्हणाले, “व्हय.” मी तेव्हा बाहेर फोनवर होते. मोर्चा कुठनं काढायचा ते ठरत होतं.

पुढं वह्या टाईप करायचं काम माझ्याकडं आलं. तात्यांच्या ‘व्हय’पुढं वळण होतं. मी ‘हो’ टाईप केलं. सगळीकडंच तसं केलं. तीन तऱ्हेचं व्हय छापील मराठीत कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते उत्तर मला हवंही होतं. रूढी बायकांना कशी लुटते, याचा छापील पुरावा. सरांनी मुद्रितं तपासली तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पुस्तिका निघाली. गावात प्रती वाटायला मीच गेले.

वर्षानं आक्काची मुलगी लग्न होऊन पेठ वडगावला गेली. पंधरवड्यात भावानं तुकडा परत मागितला. गावच्या तंटामुक्ती समितीपुढं तो आमचीच पुस्तिका घेऊन उभा राहिला. तात्या तोवर वारले होते. सर मूळ वही घेऊन गेले, मीही गेले. सरांनी वळण दाखवलं, त्याचा अर्थ सांगितला.

भाऊ वहीत वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “सर, छापलंय ‘हो’. त्ये बी तुमीच. आन् आता ह्या वळणापायी आमी जमीन सोडायची व्हय?”

समिती हसली. खरं सांगते, मलाही क्षणभर हसू आलं, कारण त्या ‘व्हय’ला वळणच काढावं लागलं असतं. समितीनं छापील ते धरलं. आक्काचा तुकडा गेला.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, “सर, माझी चूक.” ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “खुणांचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर मी लिहायला हवा होता. तो माझ्या डोक्यातच राहिला.” गारगोटीला त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला. आणि नंतर, जसं काही मी विचारलंच होतं, “तात्या खरंच हो म्हणाले असतील, घोषणा. वळण मी काढलं. मला ते हवं असेल.”

त्यानंतर मला काहीच नीट कळेनासं झालं. लिहिलं नसतं तर आक्काचा तुकडा राहिला असता का? की भावानं पुस्तिकेशिवायच घेतला असता? कायद्यानं सही घेऊन तिला सोडलं होतं, तोंडी रीतीनं सांभाळलं होतं, ती रीत मी छापली आणि तिनं आक्काला बाहेर काढलं. ह्याचं पत्रक लिहायला बसले. पहिल्या तीन ओळी कुणाच्या विरुद्ध लिहायच्या तेच ठरेना.

सर यंदा दिवाळीनंतर गेले. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या खोलीतून त्यांच्या मुलीनं मला वह्यांचा गठ्ठा आणि ते खोडरबर दिलं. खोडरबर निम्मं झिजलं होतं.

गेल्या आठवड्यात शेवंताक्काकडं गेले. ती आता दुसऱ्याच्या काजू कारखान्यासाठी घरी बिया फोडते, बोटं काळी पडलीत. तिनं चहा दिला. मी घेतला नाही, दारातल्या कट्ट्यावर बसले. म्हटलं, “आक्का, तुमचा तुकडा माझ्या टायपिंगनं गेला. माझं चुकलं.”

आक्कानं हातातली बी फोडली, गर बाजूला ठेवला.

“व्हय,” ती म्हणाली.

मी वही काढली, ते लिहिलं. पेन्सिल किती तरी वेळ धरून होते. जागा मोकळी सोडली आहे.