कुत्र्याला ‘वाढू?’ विचारू नये

मुलांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला कुत्र्यांचे सात फोटो दाखवलेत, आणि मागून तुमची आई म्हणाली, “आजी हो म्हणाली तर आणू.” तुमची आई माझीच मुलगी, त्यामुळे हे तंत्र माझ्या ओळखीचं आहे. स्वतःला नाही म्हणायचं नसलं की ती मला पुढे करते. शनिवारी तुम्ही तिथल्या प्राण्यांच्या आश्रमातून कुत्रा निवडायला जाणार, म्हणून हे आजच लिहून पाठवते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुमचे आजोबा मध्ये बोलतात, आणि या गोष्टीत त्यांची बाजू लंगडी आहे.

आमच्याकडे कुत्रा आला तो मी घाई केली म्हणून नव्हे. समोर राहणारं कुटुंब घरातच दोन माग चालवून टॉवेल विणायचं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. त्यांनी फ्लॅट घेतला आणि तिथे कुत्रा चालत नव्हता. त्या घरची बाई येऊन म्हणाली, “ताई, तुम्ही ठेवून घ्या की. लई गुणाचा आहे. नाहीतर अक्कलकोट रोडला कारखान्यांकडे सोडावा लागेल.”

मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि वहीत प्रश्न लिहून काढले. सकाळी त्याला फिरवणार कोण? मे महिन्यात शहाबादी फरशी तापते, तेव्हा तो बसणार कुठे? आपण गावाला गेलो तर त्याच्याकडे कोण बघणार? शेजारच्या आजींच्या तुळशीपाशी तो पाय वर करेल का, आणि केलाच तर माफी कोण मागणार? प्रत्येक प्रश्नापुढे मी उत्तर लिहिलं. माफीच्या प्रश्नापुढे आजोबांचं नाव लिहिलं. शिवाय कुत्रे पाळण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कुत्र्यासमोरचं अन्न त्याने पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून ठेवावं, म्हणजे त्याला शिस्त लागते. शिस्तीची पुस्तकं मला पटतात. कुत्रा कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न त्या पुस्तकातही नव्हता आणि माझ्या वहीतही.

पहिल्या दुपारी मी दुधात भाकरी कुस्करून पातेलं घेऊन गेले. कुत्रा शेपूट हलवत समोर उभा राहिला, तोंडातून लाळ गळत होती. न विचारता कुणाच्याही ताटात काही टाकायचं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलं आणि मी ते जन्मभर पाळलं. कुत्रा झाला म्हणून काय? मी त्याच्या थाळीवर वाकले आणि विचारलं, “वाढू?”

त्याने शेपूट खाली घातली, चार पावलं मागे गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मी तरीही वाढलं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबले. त्याने वळूनही पाहिलं नाही. मी थाळी उचलली.

“मोठ्या घरचा दिसतो,” आजोबा म्हणाले. “आग्रह केल्याशिवाय जेवत नाही.”

तेव्हा संध्याकाळी मी आग्रह केला. “वाढू का रे? थोडं वाढू?” कुत्रा पलंगाखाली गेला. दुसऱ्या दिवशी अंडं उकडलं. ते दाखवून मी जरा मोठ्याने विचारलं, कारण मला वाटलं त्याला कमी ऐकू येत असावं. त्याने कान पाडले आणि अंगणात जाऊन उन्हात बसला, शिक्षा झाल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांनी माझ्या स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा आणला. या घरात तसं कधी झालं नव्हतं. त्या वासाने कुत्रा अक्षरशः थरथरत होता. मी नाकाला पदर लावला आणि पदराआडून विचारलं, “वाढू?” तो थरथरतच मागे गेला.

चौथ्या दिवशी आम्ही त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, दात पाहिले, जीभ पाहिली.

“काकू, तब्येत ठणठणीत आहे. मनाला लावून घेतलंय त्याने. ज्यांच्या हातचं खात होता त्यांच्याकडे परत द्या.”

त्यांच्याकडे परत म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांमागे जी कुत्री फिरतात, ती या कुत्र्याला एक दिवसही टिकू देणार नाहीत. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, आणि एका कुत्र्याला जेवायला शिकवता येत नव्हतं. पण तो डोळ्यांदेखत उपाशी राहिलेलंही बघवेना. मी त्या बाईला फोन केला आणि म्हणाले, घेऊन जा.

ती पाचव्या दिवशी दुपारी दोरी घेऊन आली. कुत्र्याने तिच्या अंगावर उड्या घेतल्या. ऐन जेवणाची वेळ, म्हणून मी तिला पानावर बसवलं. भाकरी, शेंगाचटणी, वांगं. “वाढू?” म्हटलं, तर ती म्हणाली, “वाढा की.” कुत्रा मात्र तिच्याजवळून उठून दारात जाऊन बसला.

“हे बघा,” मी म्हणाले. “तुम्ही समोर असूनसुद्धा असं.” आणि तिच्या देखत त्याची थाळी भरून नेली. “वाढू?”

कुत्रा अंगणात गेला.

ती बाई आधी माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडात पदर कोंबून इतकी हसली की तिला ठसका लागला आणि आजोबांना पाणी आणावं लागलं.

“ताई, तुम्ही त्याला नको म्हणायलात की.”

“मी कशाला नको म्हणेन? मी वाढू का विचारते आहे.”

“तेच ते. आमच्यात ‘वद्दु’ म्हणजे नको. पिल्लू असल्यापासून सुताच्या बॉबिनमध्ये तोंड घालायचा. दिवसभर सगळी त्याच्यावर ओरडायची, वद्दु, वद्दु. त्याला तेवढा एकच शब्द पक्का येतो.”

“पण माझा ‘ढ’ अगदी स्वच्छ आहे,” मी म्हणाले.

“तुमचा असेल, ताई. कुत्र्याच्या कानात ढ कुठला?”

तिने थाळी पुढे सरकवली आणि हळूच म्हणाली, “तिनु.” म्हणजे खा. कुत्र्याने ती थाळी, मग उरलेली भाकरी, मग तिच्या पानातलं वांगं आणि शेवटी शेंगाचटणीची वाटी साफ केली. चटणीनंतर तो बराच वेळ पाण्याच्या बादलीत तोंड घालून उभा होता. मग ती बाई दोरी आमच्याकडेच ठेवून एकटी परत गेली.

त्यानंतर आजोबांनी कबुली दिली. पाचही दिवस ते त्याला बाथरूममागे नेऊन बिस्किटं देत होते आणि तो ती खात होता.

“मग मला सांगितलं का नाही?”

“अगं, चोरून देत होतो. सांगितलं असतं तर चोरून कसं?”

चोरून म्हणजे अर्थात न बोलता. माझ्या शिस्तीपेक्षा त्यांची चोरी कुत्र्याला बरी कळली, हे मी वहीत लिहून ठेवलेलं नाही.

कुत्रा राहिला. पण पाहुणे आले आणि पंक्तीत कुणी ‘वाढू’ म्हटलं की तो अपराधी चेहऱ्याने उठून बाहेर जायचा. एका सणाला तो अकरा वेळा बाहेर गेला. तेव्हा मी घरात तो शब्द बंद केला. तुम्ही लहानपणी आला होतात, तेव्हा मी तुम्हालाही “घेता का?” असं विचारायचे. तुमच्या आईला वाटलं, आजी आपल्याशी परक्यासारखी बोलते. कारण हे होतं.

तर शनिवारी आश्रमातल्या माणसांना विचारा, हा आधी कोणाकडे होता आणि ते त्याला ‘नको’ कसं म्हणायचे. तिथे बहुधा ‘नो’ म्हणत असतील. तुमची आई तुम्हाला जेवायला बोलावताना काय हाक मारते ते जरा आठवा. “मुलांनो.” त्यातलं शेवटचं अक्षर कुत्र्याला आधी ऐकू येईल. तुम्ही ताटावर जाल आणि तो टेबलाखाली जाईल. हाक बदलायची आईची तयारी असेल तर माझं हो आहे. तसं तिच्याकडून लिहून घ्या.

आमचा कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली. साखळी आणि थाळी मी देऊन टाकली. आमच्या घरात अजूनही कोणी ‘वाढू’ म्हणत नाही.