बायकोची घरमालकीण

दर जानेवारीत बुआरियनच्या घरी फोटोंचा सोहळा असायचा. नवरा प्रेबेन परदेशी. त्याला थायलंडमध्ये राहायचं तर वर्षाच्या वर्षाला व्हिसा वाढवून घ्यायचा, आणि तो मिळायचा थाई बाईचा नवरा म्हणून. मग कचेरीला संसाराचा पुरावा हवा. दारावरच्या नंबराखाली दोघं, चुलीपाशी दोघं, आणि पलंगाच्या काठावर, गुडघ्यांवर हात ठेवून शाळेतल्या मुलांसारखी बसलेली दोघं. फोटो काढायला तिची चुलतबहीण लामदुआन. "जरा जवळ सरका, नाहीतर साहेबाला वाटेल भाऊबहीण आहात," हे तिचं ठरलेलं वाक्य.

यंदा जानेवारी अर्धा सरला तरी प्रेबेनने फोटोंचं नाव काढलं नाही.

बुआरियनच्या मनात पाल चुकचुकली. तिचा पहिला नवरा तैवानला कामाला गेला तो तिथलाच झाला. जायच्या आधी महिनाभर तो बिस्किटांच्या डब्यात कागद जमवत होता. तेव्हापासून तिचं एक पक्कं झालं होतं, माणूस जायच्या आधी कागद गोळा करतो. त्यानंतर उदोन थानीच्या बाजारात निखाऱ्यांवर मासे भाजून विकत तिने एकटीने मुलगा वाढवला, घर बांधलं. मग कुठे प्रेबेन आला. डेन्मार्कचा, गोदीत वेल्डिंग करून निवृत्त झालेला, आता सदुसष्टचा. अकरा वर्षं झाली. चिकट भात हाताने खायला शिकला, आंबवलेल्या माशापुढे मात्र अजून नाक मुरडतो.

आणि आता याच प्रेबेनने नवी फाइल आणली होती. दोनदा बँकेत जाऊन आला. घराच्या नोंदणीचं निळं पुस्तक मागून घेतलं, पण लग्नाचा दाखला? तिने खण उघडून पाहिला. दाखला जागच्या जागी. त्याला लागलाच नव्हता.

तिने आडून विचारलं. यंदा निवृत्तीच्या व्हिसावर अर्ज करतोय, सोपं पडतं, एवढंच तो म्हणाला आणि अंगणात झाडांना पाणी घालायला गेला. झाडांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

लामदुआनने चार ठिकाणी चौकशी केली. तो व्हिसा पन्नाशीपुढच्या कुणाही परदेशी माणसाला मिळतो. बँकेत रक्कम मात्र दुप्पट ठेवावी लागते, आणि बायकोचं नाव कुठेच लागत नाही.

"दुप्पट पैसे अडकवून माणूस कशातून सुटतो गं?" लामदुआन म्हणाली. "तूच सांग."

बुआरियन काय सांगणार? ती त्याचे शर्ट मोजू लागली. तो फोनवर त्याच्या भाषेत बोलायचा ते तिला कळत नसे, पण आवाज खाली आणलेला कुठल्याही भाषेत कळतो.

मग एके दिवशी जेवणाच्या चटईवर कागद आला. तिने वाचला. मी, या घराची मालकीण, श्री. प्रेबेन यांना माझ्या घरात राहू देत आहे. खाली सहीची जागा.

"म्हणजे मी आता घरमालकीण?"

"कागदावर."

"आणि तू भाडेकरू."

"कागदावर, बुआरियन."

"मग भाडं किती देणार?"

तो हसला. ती हसली नाही. सही कचेरीतच करीन म्हणाली आणि कागद घडी करून स्वतःकडे ठेवला.

कचेरीतल्या बाईंनी जुनी फाइल चाळली. अकरा वर्षं बायकोच्या नावावर राहिलात, आता बदल का, असं त्यांनी विचारलं. फारकत वगैरे? महिनाभर तिच्या जिभेवर येऊन परत फिरलेला प्रश्न त्या बाईंनी शिक्का शोधता शोधता विचारून टाकला होता.

प्रेबेन त्याच्या लंगड्या थाईत, तिच्याकडे न बघता बोलला.

"पावसाळ्यात हिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, पुढचं सांगता येत नाही. ही गेली तर लग्नाचा व्हिसाही जातो. मला देश सोडावा लागेल." तो थांबला. "मला हिच्या घरात राहायचंय."

बुआरियनला आधी हायसं वाटलं, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर तुला बोलले, आणि तू मला नाही?"

"घरात असलं बोललं की खरं होतं, असं तूच म्हणतेस."

तिने कागदाची घडी उघडून सही केली.

पण संशयाला एकदा चालायची सवय लागली की तो घरी बसत नाही. परतताना गाडीत तिचा संशय दुसऱ्याच वाटेने निघाला. व्हिसा राहील, पण घराचं काय? जमीन तिच्या नावावर. परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. तिच्यामागे ती रायोंगला राहणाऱ्या तिच्या मुलाची.

"माझे शंभराव्या दिवसाचे विधी व्हायच्या आत तो घर विकेल," ती म्हणाली.

"तो असं करणार नाही."

"मी त्याची आई आहे. मला विचार."

सोमवारी ती त्याला जमिनीच्या कचेरीत घेऊन गेली. नवऱ्याला घरात राहण्याचा हक्क लिहून द्यायचा होता. साक्षीदार म्हणून आलेली लामदुआन कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड करून बसली होती. शेवटी घर काढलंच याने तुझ्याकडून, असं ती कानात कुजबुजली. क्षणभर बुआरियनलाही वाटलं, असेल का? आधीपासून हेच असेल? तिने प्रेबेनकडे पाहिलं. तो भिंतीवरची सूचना वाचायचा प्रयत्न करत होता, ओठ हलवत, एकेका अक्षरावर अडत. त्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

कारकुनाने मान वर केली. "हक्क हयातभर म्हणताय. कुणाच्या हयातीपर्यंत लिहू? तुमच्या की त्यांच्या?"

"त्याच्या," बुआरियन म्हणाली, आणि लामदुआन तोंड उघडायच्या आत तिने पेन ओढून घेतलं.