सर्कशीचा बाजा कोणी बोलता केला?

‘सर्कशीतला जुना यांत्रिक बाजा मुंबईच्या इंजिनिअरने दुरुस्त केला,’ असे नाशकात आजही सांगतात. साफ खोटे! सत्तरच्या दशकात मी त्या सर्कशीत कारकून होतो. इंजिनिअरने हात टेकल्यावर मालक बाजा भंगारात काढणार होता.

बाजा वाजे तो भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या लांब पट्टीवर, आणि तीच फाटली होती. खेळ पाहायला आलेला येवल्याचा एक विणकर डोळे मिटून त्या भोकांवर बोटे फिरवू लागला.

“बाबा, हे साडीचं दुकान नव्हे,” मालक खेकसला.

“शेठ, मागावर आमची नक्षी अशाच पुठ्ठ्यांतून उतरते. तुम्ही सूर म्हणता, आम्ही मोर म्हणतो.”

चार दिवसांत बाजा वाजला. त्या विणकराचे नाव मी विचारले नाही, हा माझा दोष. परंतु शंकेखोरांनी ती पट्टी उलगडून पाहावी: नवे पुठ्ठे डिंकाने चिकटवलेले नाहीत, पैठणीच्या रेशमाने शिवलेले आहेत.