न वाचलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — देव जाणे.

लालबागच्या आमच्या चाळीत शुभांगी शेजारच्या खोलीत राहायची. गणितात हुशार — किती? मी पेन्सिल शोधेपर्यंत हिचं उत्तर तयार! दहावीचं गणित मला तिनेच शिकवलं, तेही न चिडता. आणि माझी आई उठता-बसता, "बघ जरा शुभांगीकडे." मला तिचा राग यायचा. खूप यायचा.

अकरावीला दोघींनी आर्ट्स घेतलं. आर्ट्सलाही गणित घेता येतं; पण गणित की तर्कशास्त्र, एकच निवडायचं होतं. तिला पुढे संख्याशास्त्र करायचं होतं — हे तिने फक्त मला सांगितलेलं. प्रॉस्पेक्टस इंग्रजीत, तिची शाळा मराठी, माझी इंग्रजी. "तू वाच ना गं," म्हणाली.

वाचलं मी. गणितात संच, संभाव्यता, मॅट्रिक्स. तर्कशास्त्रात विधानं, अनुमानं. खरं-खोट्याचे तक्ते दोन्हीकडे. "बरंचसं सारखंच आहे गं," मी म्हटलं, "आणि तर्कशास्त्रात आकडेमोड नाही, मार्क पडतात." यात खोटं काय होतं? काहीच नाही. पण खाली अजून एक ओळ होती — पदवीला संख्याशास्त्र हवं असेल तर बारावीला गणित लागेल.

ती मी वाचली. मनातल्या मनात. आणि पान उलटलं.

दोघींनी तर्कशास्त्र घेतलं. बारावीला पहिल्यांदा मी तिच्या पुढे गेले. मग पदवीच्या प्रवेशाला खिडकीवरून तिला परत पाठवलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. डोळे पुसत तीच मला म्हणाली, "जाऊ दे, तुलाही दिसलं नसेल." मी मान हलवली — हो म्हणून.

आज मी दादरला तर्कशास्त्र शिकवते. ती परळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढते. फळ्यावर खरं-खोट्याचा तक्ता आखताना अजूनही हात थांबतो. मुलींना वाटतं, मॅडम विसरल्या.

गेल्या जूनमध्ये ती लेकीला घेऊन घरी आली. "गणित की तर्कशास्त्र? तू सांगशील ते," म्हणाली. मी मोबाइलवरची सगळी माहिती वाचून दाखवली. ती ओळ दोनदा वाचली. गणित घे, म्हटलं.

शुभांगीने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "नशीबवान आहेस बाई. आमच्या वेळी नीट सांगणारं कुणी नव्हतं."

होतं ना. मी होते. हे तोंडाशी आलं होतं — आणि मी चहा ठेवायला उठले.