हौशी आडवी उभी राहिली असती

आमच्या सोसायटीच्या चेअरमननं महादूला फसवलं. दोन महिन्यांचा शब्द दिला आणि महिना व्हायच्या आत, महादू घरी नाही असं बघून मोडला. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना अशी सुरुवात करत नाहीत, हे मला कळतं. पण महादूला जाऊन सव्वा महिना झाला, आणि गोड काही लिहायला घेतलं की माझं डोकं फिरतं. वॉचमनचा फोन आला तेव्हा मी कन्नडच्या बाजारात होतो. "शेठ, महादूकाका गेटजवळच्या चेंबरमधी पडले. डोक्याला लई लागलंय." मी विचारलं, झाकण कुठं होतं? त्यानं फोन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच महादू गेला.

त्याच कन्नडच्या बाजारात आमची ओळख झाली होती. मी शेळ्या विकायचो, खिसा रिकामा आणि तोंड तिखट. तो बैलांचा, शेळ्यांचाही दलाल, मेंढरं राखणाऱ्या घरातला. जनावराचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नाहीत. दलाल उपरण्याखाली समोरच्याचा हात घेतो, बोटं दाबून आकडा सांगतो, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. पहिल्याच सौद्यात मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "शेठ, तोंड मिटा. बोटं बोलू द्या." मला शेठ म्हणणारा तो पहिला माणूस; माझ्या पायात तेव्हा धड चप्पल नव्हती. पुढं मी जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात शिरलो, पडेगावला फ्लॅट घेतला आणि त्यालाही त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आणलं. इतक्या वर्षांत उपरण्याखाली त्यानं खोटं बोट धरलेलं मला ठाऊक नाही. मी धरलेली आहेत.

मग त्याची नजर कडेकडेनं जायला लागली. नाकासमोरचं दिसायचं, पण नळकांड्यातून बघावं तेवढंच. बाजूनं येणारी मोटारसायकल दिसायची नाही, पायाखालची पायरी दिसायची नाही. एसटीची पाटी मात्र तो लांबून वाचायचा. त्यामुळं लोकांना वाटायचं, म्हातारा सोंग करतोय. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. तेव्हा त्यानं भावाच्या कळपातून हौशीला आणलं. मेंढरांमागं वाढलेली कुत्री, भुऱ्या रंगाची, एक कान फाटलेला. मेंढरू कड्याकडं निघालं की आडवं उभं राहायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. महादूनं तेच तिला नाली, पायरी, खड्डा यांच्यापाशी करायला शिकवलं. त्याचा गुडघा तिच्या पाठीला लागायचा आणि तो थांबायचा. "मला मेंढरूच समजतीय ती," तो हसायचा. "समजू दे. मेंढरू जगतंय ना."

पण सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या. कुत्री चावेल, घाण करेल. गच्चीवर मीटिंग लागली. जाताना जिन्यात मी महादूला बजावलं, विचारलं तर काहीच दिसत नाही म्हण. चेअरमन उठले, त्याच्या तोंडासमोर हात धरला. "काका, ही बोटं किती?"

"तीन."

सगळे हसले. "म्हणजे दिसतंय की. मग कुत्र्याचं नाटक कशाला?"

"साहेब, बोटं दिसत्यात. तुमचे पाय दिसत नाय."

परत हसले. मी मात्र पेटलो होतो. आवाज चढवला आणि सौदा जमवून आणला: महादूनं दोन महिन्यांत डॉक्टरी दाखला आणायचा, तोवर हौशीला कुणी हात लावायचा नाही, आणि तिचं काम नसेल तेव्हा तिला पार्किंगच्या खांबाला साखळीनं बांधायचं. चेअरमननं सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. घरी जाताना मी महादूवर खेकसलो, "एक खोटं बोलायला काय जात होतं तुझं?" तो म्हणाला, "बोटांचं खोटं? आता या वयात, शेठ?"

दाखल्यासाठी मी त्याला माझ्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. आत कुत्री चालत नव्हती, म्हणून हौशीला खांबाला बांधून गेलो. दाखला मिळाला, शिक्क्यासकट. दुपारी परत आलो तर खांबाला नुसती साखळी. चेअरमननं फोन करून कुत्री पकडणारी गाडी बोलावली होती. "रहिवाशांचा दबाव होता," एवढंच म्हणाले. दाखला त्यांनी हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही. गाडीवाले म्हणाले, दौलताबादच्या रस्त्याला कुठंतरी सोडली. चार दिवस आम्ही तो रस्ता पालथा घातला. महादू खिडकीतून तोंड काढून शीळ घालायचा, मग कान देऊन बसायचा... पाचव्या दिवशी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ. तुमचा धंदा बसंल."

त्यानंतर तो काठी घेऊन फिरायचा. त्या सकाळी दूध आणायला निघाला. चेंबर साफ करायला झाकण काढलेलं, तसंच उघडं ठेवलेलं. भोवती एक दोरीसुद्धा नाही. समोरचा दूधवाला त्याला दिसला असेल. हाकही मारली असेल त्यानं. हौशी असती तर आडवी उभी राहिली असती.

महादूच्या मुलीनं त्याचं उपरणं मला दिलं, ते कपाटात आहे. ते काढवत नाही. साखळी मात्र रोज दिसते, कारण माझी गाडी त्याच खांबाशेजारी लागते. हौशी जन्मात कधी बांधलेली नव्हती. मोकळी असती तर त्या गाडीवाल्यांच्या हाती लागली नसती. बांधायची अट माझी होती, मीच घातली, आणि सौदा जमला म्हणून त्या रात्री खुशीत जेवलो. तेवढं माझ्या नावावर आहे आणि मी ते इथं, सगळ्यांच्या देखत लिहितोय.

बाकीचं चेअरमनच्या नावावर आहे. पुढच्या सभेपर्यंत ती साखळी मी काढू देणार नाही. त्या सभेत त्यांनी खांबाशेजारी उभं राहून सांगावं: शब्द दिलेला असताना गाडी का बोलावली, आणि ते झाकण उघडं कुणी ठेवलं?